नवरदेवाचं आधार कार्ड कुठून आणू? राज्यातल्या विवाह अधिकाऱ्यांना खुलं पत्र

राज्यातल्या सगळ्या विवाह अधिकारी साहेबांना आणि मॅडमना,

स.न.वि.वि.

मी एका नवरीचा मामा. लग्नात मामाचं काम काय, तर गुरुजींनी हाक मारली की मुलीला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. माझ्या वाट्याला त्याऐवजी फाईल आली, कारण भाचीचं जमलं एका जर्मन मुलाशी, आणि आमच्या दाजींना सरकारी ऑफिसची पायरी दिसली तरी बीपी वाढतं. ती स्वतः मोठ्या शहरात आयटीत नोकरीला, तिला रजा नाही, मग राहिलं कोण तर रिटायर झालेला मामा.

लग्न झालंय, सर्टिफिकेट हातात आहे, म्हणजे माझं आता तुमच्याकडं काहीच काम अडलेलं नाही. म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

आधी आम्ही काय केलं तर 1954 चा स्पेशल मॅरेज अॅक्ट वाचला, म्हणजे धर्म न बदलता सरकारी ऑफिसात लग्न लावायचा कायदा. मी वकील नाही पण मराठीत छापलेलं पुस्तक मिळतं आणि वाचायला वेळ भरपूर. कलम 4 मध्ये लग्नाच्या अटी आहेत आणि त्या मोजक्याच आहेत. दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नको (घटस्फोट झाला असेल तर प्रश्न नाही), दोघंही संमती देण्याच्या मनःस्थितीत पाहिजेत, मुलगा 21 आणि मुलगी 18 वर्षं पूर्ण, आणि नातं निषिद्ध नात्यांच्या यादीतलं नको. संपलं. कलम सुरूच होतं कुठल्याही दोन व्यक्तींपासून, नागरिक असा शब्द तिथं नाहीच. दिल्ली हायकोर्टाने 2023 मध्ये एका केसमध्ये हेच सांगितलं, तिथं तर दोघंही परदेशी नागरिक होते, मूळचे भारतीय पण पासपोर्ट बाहेरचे, आणि ऑफिस म्हणत होतं की दोघांतला एक तरी भारतीय नागरिक पाहिजे. कोर्ट म्हणालं तशी अट कायद्यात नाही. आमच्या केसमध्ये एक तर पक्की भारतीय होती, अगदी सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असलेली.

एवढं वाचून गेलो आणि खिडकीवर यादी मिळाली.

त्या यादीबद्दल मला बोलायचंय. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालेली, वर ऑफिसचं नाव नाही, तारीख नाही, कुठल्या नियमाखाली हे मागताय त्याचा उल्लेख नाही, आणि सगळ्यात खाली कुणीतरी निळ्या पेनने वाढवलेलं, “फॉरेनर असल्यास एनओसी”. कुणाची एनओसी? विचारलं तर सांगितलं, त्यांच्या एम्बसीची. दुसऱ्या दिवशी दुसरे क्लार्क होते, ते म्हणाले पोलिसांची. गावाकडच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात फोन केला, म्हटलं तिथं करून टाकू, मुलीचं आधार तिथलंच आहे, तर तिकडून सांगितलं दोन्ही लागतील आणि शिवाय मुलीच्या आईवडिलांचं संमतीपत्र. मुलगी 29 वर्षांची आहे हो. दाजी आणि ताई राजीखुशीने सही करायला तयार होते, तो प्रश्नच नव्हता, पण जिच्या घरच्यांचा विरोध आहे तिने हे संमतीपत्र कुठून आणायचं? आणि मग हा कायदा केला तरी कुणासाठी?

आता एम्बसीच्या कागदाबद्दल मी तुमच्या बाजूनेच बोलणार आहे, कारण ती मागणी मला पटते. अॅक्टमध्ये तो कागद नाही, पण मुलाचं तिकडं आधीच लग्न झालेलं नाही हे तुम्हाला इथं बसून कळणार कसं? परदेशी नवरा करून फसलेल्या मुलींच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. तेव्हा मुलगा लग्नाला मोकळा आहे असा त्याच्या देशाचा दाखला मागितलात तर चूक नाही. फक्त हा दाखला प्रत्येक देश वेगळ्या पद्धतीने देतो, आणि काही देत नाहीत, हे खिडकीवरच्या माणसाला माहीत पाहिजे ना? जर्मनीत तो एम्बसीच्या नाही तर मुलाच्या गावच्या विवाह नोंदणी ऑफिसच्या हातात असतो, श्टांडेसाम्ट म्हणतात त्याला. फ्रान्सचा असेल तर त्यांचं कॉन्सुलेट आधी दहा दिवस नोटीस लावतं आणि मग सर्टिफिकेट देतं. जपानचं कॉन्सुलेट आपल्या माणसाला असा दाखला देतं. अमेरिकेत मात्र देशभराचं असं एक लग्नाचं रजिस्टरच नाही, त्यामुळं तिथलं सरकार दाखला देऊच शकत नाही, माणूस स्वतः अॅफिडेव्हिट करतो की मी अविवाहित आहे आणि कॉन्सुलेट फक्त ते नोटराईज करून देतं. माझ्यासमोर एका अमेरिकन मुलीला परत पाठवलं, कारण तिच्या कागदावर “एम्बसीने सर्टिफाय केलंय असं लिहिलेलं नाही”. नसणारच! ती बिचारी बाहेर बाकड्यावर बसून फोनवर कुणाला तरी हेच समजावत होती.

आमच्या जावयाचा कागद आला त्याची पण गंमत. तो कागद द्यायला जर्मन ऑफिसने मुलीचे कागद मागितले, जन्माचा दाखला आणि ती अविवाहित असल्याचा पुरावा. आपल्याकडं असा एक ठरलेला सरकारी दाखला कुठंय? स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट केलं, भाषांतर केलं, पाठवलं, ते त्यांनी तपासलं, आणि मग त्यांनी जो दाखला दिला तो फक्त सहा महिने चालतो. तो घेऊन खिडकीवर गेलो तर प्रश्न आला की यावर एम्बसीचा शिक्का कुठाय. अहो हा त्यांच्याकडचा अधिकृत दाखला आहे, शिक्का आहे, सही आहे. शेवटी मोठ्या साहेबांना भेटलो, त्यांनी पाच मिनिटांत वाचला, भाषांतर बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. त्या साहेबांचे आभार. पण पाच मिनिटांचं काम मोठ्या साहेबांपर्यंत जायलाच का लागावं?

तिकडंच का नाही केलं लग्न, असं पण एका क्लार्कने विचारलं. केलं असतं, पण तिकडं करायचं तर भाचीचे कागद आपल्याकडचे, आणि जर्मन लोक आपल्या कागदांची वकील लावून पडताळणी करून घेतात, त्यात महिनेच्या महिने जातात. आपल्या तिथल्या एम्बसीत करावं म्हटलं तर 1969 चा फॉरेन मॅरेज अॅक्ट आहे आपला, पण जर्मनीचा कायदा म्हणतो की दोघांपैकी एक जर्मन असेल तर दुसऱ्या देशाच्या एम्बसीतलं लग्न आम्ही मानणार नाही. म्हणजे फिरून तुमच्याच दारात.

आता 30 दिवसांचं. कलम 5 अगदी साधं आहे, दोघांपैकी निदान एक जण नोटीस देण्याआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे. निदान एक. भाची तीन वर्षं त्या शहरात राहते, भाडेकरार आहे, कंपनीचं पत्र आहे, म्हणजे अट पूर्ण झाली की नाही? तर म्हणे मुलाचे पण 30 दिवस दाखवा, आणि मुलीच्या आधारवर पत्ता गावाकडचा आहे म्हणून ती इथली धरता येत नाही. कायद्याने राहणं विचारलंय, आधारवरचा पत्ता नाही विचारला. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर काय करायचं ते सुद्धा कलम 6 मध्ये दिलंय, नोटिशीची एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे पाठवायची, त्यांनी ती तिकडं लावायची. म्हणजे कायदा करणाऱ्यांना 1954 सालीच माहीत होतं की माणसं नोकरीसाठी गाव सोडतात.

ह्या एका गैरसमजाने काय होतं ते बघा. नोटीस लागल्यावर 30 दिवस थांबायचं हे कायद्यातच आहे, ते आम्ही मान्य केलं. त्याच्या आधी मुलाचे वेगळे 30 दिवस मोजले की झाले दोन महिने, आणि ह्यात कुणी आक्षेप घेतला तर चौकशीला अजून 30 दिवस. परदेशी नोकरदाराला एवढी रजा कोण देतो? ई-टुरिस्ट व्हिसावर जर्मन माणूस एका वेळी जास्तीत जास्त 90 दिवस राहू शकतो, आणि कुणी 30 दिवसांचा ई-व्हिसा घेऊन आला असेल तर त्याचं गणित पहिल्याच दिवशी फसलं. उलट फार उशीर पण चालत नाही, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. आमचा जावई रजा संपली म्हणून मधेच परत गेला आणि लग्नाच्या तारखेला पुन्हा विमानाचं तिकीट काढून आला. श्रीमंत नाही तो, पगारदार माणूस आहे. अॅक्ट मराठीत आहे, कलम 5 चार ओळींचं आहे, ते खिडकीच्या वर फ्रेम करून लावा एवढीच विनंती.

टुरिस्ट व्हिसावर लग्न चालत नाही, असंही ऐकलं. स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये व्हिसा हा शब्दच नाही. उलट टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने भारतीय नागरिकाशी लग्न केलं तर तो व्हिसा इथंच एंट्री व्हिसात बदलून मागता येतो, एफआरआरओकडं (परदेशी लोकांची नोंदणी करणारं केंद्राचं ऑफिस) ऑनलाईन अर्ज करून, म्हणजे केंद्र सरकारने ही शक्यता धरलेलीच आहे. आणि नेपाळच्या माणसाला तर भारतात यायला व्हिसाच लागत नाही. आपल्या शहरांत किती नेपाळी लोक पिढ्यानपिढ्या राहतात, त्यांच्यात आणि आपल्यात लग्नं होतातच. तुमच्या यादीत “व्हिसाची झेरॉक्स, अनिवार्य” असं लिहिलंय, तो नेपाळी मुलगा कशाची झेरॉक्स काढेल?

आणि आधार कार्ड. नोटीस ऑनलाईन भरायची सोय केलीत, चांगलं केलंत, खरंच चांगलं केलंत, पण आमच्या वेळेला खिडकीवरच्या माणसाने नवरदेवाचं आधार मागितलं ते मागितलंच. म्हटलं अहो तो परदेशी आहे. म्हणाले मग काढून घ्या, कॅम्प चालू आहे. परदेशी माणसाला आधार मिळतं, नाही असं नाही, पण आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिला असेल तर. लग्नासाठी आलेला माणूस लग्नाआधी सहा महिने राहणार कुठल्या व्हिसावर? पासपोर्ट हा सरकारी कागद नाही का?

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावात गेला, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जावयाचं नाव तीन शब्दांचं, स्वतःचं, मधलं पेटर, मग आडनाव. आपल्याकडं मधलं नाव म्हणजे वडिलांचं, त्यामुळं नोटिशीत वडिलांच्या रकान्यात सरळ पेटर पडलं. वडील क्लाऊस. पेटर हे त्याचं स्वतःचंच दुसरं नाव. दुरुस्त करा म्हटलं तर मग मधलं नाव क्लाऊस केलं, म्हणजे पासपोर्टवर एक आणि सर्टिफिकेटवर भलतंच माणूस. त्यात आडनावात यू वर दोन टिंबं. पासपोर्टच्या पानावर टिंबं आहेत पण खाली ती मशीनने वाचायची बाणांची ओळ असते तिथं टिंबं चालत नाहीत म्हणून यू च्या पुढे ई घातलेला असतो. ऑपरेटर म्हणाला, सर, हे दोन स्पेलिंग आहेत, दोन वेगळी माणसं वाटतात. त्या पोराची चूक नाही, त्याच्या कीबोर्डवर टिंबं नव्हती आणि त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण हे सर्टिफिकेट उद्या व्हिसाला, बँकेत, मुलं झाली की त्यांच्या जन्मनोंदणीला, सगळीकडं लागणार, एक अक्षर चुकलं तर आयुष्यभर अॅफिडेव्हिट. परदेशी नावाला वडिलांचा रकाना वेगळा ठेवा आणि नाव पासपोर्टवरून जसंच्या तसं घ्या, मधलं नाव सोडवायला जाऊ नका.

नोटीस बोर्डाचं पण सांगतो. नोटीस ऑफिसात ठळक जागी लावा असं कायदा म्हणतो, लावा. त्यावर फोटो, पूर्ण पत्ता, फोन नंबर हे सगळं बाहेरच्या माणसाला दिसायलाच पाहिजे का, याचा एकदा विचार करा. आमच्या नोटिशीचा मोबाईलवर काढलेला फोटो फिरत फिरत आमच्याच भावकीत आला, कुणाच्या तरी साडूने पाठवला, खाली लिहिलं होतं “तुम्हाला माहीत आहे का?”. आम्हाला माहीत होतं म्हणून हसलो. ज्या घरात माहीत नसतं तिथं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अलाहाबाद हायकोर्टाने 2021 मध्ये म्हटलंय की नोटीस लावायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. तो निकाल उत्तर प्रदेशातला आहे, आपल्याकडं लागू करा असं मी म्हणत नाही, पण निदान फोन नंबर झाका. आणि आक्षेप घ्यायला कुणी आलं तर कलम 4 मधल्या अटींवरच घेता येतो, घरच्यांना पसंत नाही हा आक्षेप होत नाही, हे सुद्धा बोर्डावर लिहा म्हणजे तुमचाही वेळ वाचेल.

ह्या सगळ्या घोळात धंदा कुणाचा होतो, तर बाहेरच्या एजंटाचा. यादी जेवढी पुसट तेवढा त्याचा रेट जास्त. आम्हाला एकाने फुल पॅकेज सांगितलं, आणि ते महाग वाटत असेल तर दुसरा मार्ग, “आळंदीला उरकून टाका, मुलाला आधी हिंदू करून घेऊ, एका दिवसात होतं”. हिंदू मॅरेज अॅक्टमध्ये लग्न दोन हिंदूंमध्येच लागतं म्हणून हा खटाटोप. जावयाला विचारलं तर तो म्हणाला मला चालेल, मंत्र म्हणायला आवडेल, त्याला काय कळतंय! पण मला नाही चाललं. श्रद्धेने कुणी धर्म बदलला तर आनंद आहे, रांग टाळायला धर्म बदलायचा हे काही बरं नाही. 1928 साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी अॅन मिलर ह्या अमेरिकन बाईंशी लग्न केलं तेव्हा आधी नाशिकला त्यांचा शुद्धी समारंभ झाला, शर्मिष्ठादेवी नाव ठेवलं, मग लग्न लागलं. तेव्हा दुसरा सरळ रस्ता नव्हता. 1872 चा सिव्हिल मॅरेजचा जुना कायदा तर लग्न करणाऱ्यांकडून आम्ही हिंदू नाही, ख्रिश्चन नाही, अमुक नाही असं लिहूनच घ्यायचा. 1954 चा कायदा आला तो धर्म न सोडता लग्न करता यावं म्हणूनच, आणि आज सत्तर वर्षांनी तुमच्या दारातला एजंट लोकांना पुन्हा 1928 च्या वाटेने पाठवतोय. (गोव्यात अजून निराळंच आहे, तिथं पोर्तुगीज काळापासूनची सिव्हिल नोंदणी, सह्या दोनदा करायच्या. पण ते गोवेकर बघून घेतील.)

जे सांगायला पाहिजे ते मात्र कुणी सांगत नाही. ह्या कायद्याखाली हिंदू मुलीने हिंदू नसलेल्या माणसाशी लग्न केलं की कलम 19 प्रमाणे ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं धरलं जातं, आणि वारसाहक्काला 1925 चा इंडियन सक्सेशन अॅक्ट लागतो. आमच्या भावकीत लगेच चर्चा, मग जमिनीतला हिस्सा गेला का? नाही गेला. वेगळं होणं म्हणजे हिस्सा जाणं नव्हे, आणि पुढचं कलम 20 वारसाहक्क जाऊ देत नाही. हे मला वकिलाला फी देऊन समजून घ्यावं लागलं, तुमच्या ऑफिसात दोन ओळींचा कागद असता तर चार घरांतली भांडणं वाचली असती. दुसरं, मुलीचं नागरिकत्व लग्नाने जात नाही, तिने स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलं तरच जातं. आणि जावयाला लग्नाने काही आपोआप मिळत नाही, ओसीआय कार्डासाठी (परदेशी पासपोर्टवाल्याला भारतात कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड) नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं दाखवावं लागतं, नागरिकत्वाला अर्ज करायचा तर सात वर्षं इथं राहावं लागतं. आणि एक बारीक गोष्ट, परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत ऑनलाईन कळवायचं असतं, त्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. लोकांना वाटतं हे फक्त हॉटेलवाल्यांना. ताईच्या शेजारच्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर जावई आल्या आल्या पोलीस स्टेशन.

तर मागणं एवढंच, यादी एकच करा, सगळ्या जिल्ह्यांना तीच, तारीख आणि सहीसकट. त्यात कायद्याने लागणारं काय आणि तुम्हाला खात्रीसाठी लागणारं काय हे वेगवेगळं लिहा, आणि खात्रीचं जे असेल त्याला पर्याय द्या, अमेरिकेला हे चालेल, जर्मनीला ते चालेल, नेपाळला व्हिसा नको. तीन साक्षीदार लागतात ते सुद्धा लिहा, आम्ही दोनच घेऊन आलो होतो, तिसरा म्हणून चहावाल्याला उभं करावं लागलं. माणूस फार गोड, सही करून चहाचे पैसे पण घेतले नाहीत.

मी माझ्यापुरती अशी यादी टाईप करून ठेवलीये, दीड पान झालंय. ज्या ऑफिसला पाहिजे त्यांनी सांगा, आणून देतो. चुकलं असेल तिथं लाल पेनने खोडा, वाढवायचं असेल ते वाढवा, फक्त ह्या वेळेला वाढवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा खाली असू द्या.

आपला,
एका नवरीचा मामा